वाळूवर घडणारा पंख

शिडाची होडी म्हटलं की डोळ्यांपुढे येतं वाऱ्यानं तट्ट फुगलेलं शीड. वारा मागून असेल तर तो शिडाला खरोखरच ढकलतो. पण समोरून येणाऱ्या वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन करून होडी पुढे सरकते, तेव्हा ढकलणारं कुणीच नसतं. त्या वेळी शीड हा उभा धरलेला पंख असतो. कापडाच्या बाकावरून वारा वळतो आणि वळता वळता शिडाला स्वतःकडे ओढतो. त्यातला आडवा जोर पाण्यात सोडलेली फळी अडवते, उरलेला होडीला पुढे नेतो. विमानाचा पंख कारखान्यातून आकार घेऊनच येतो. शिडाला तो आकार आपण किनाऱ्यावर, दोरांनी द्यायचा असतो.

ब्रूस कर्बी यांनी आखलेली लेझर घ्या. आता तिला आयएलसीए म्हणतात. एकट्यानं हाकायची, ४.२ मीटर लांबीची ही होडी १९९६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत विष्णू सरवणन यांनी हिच्यावर कांस्य मिळवलं, तर नेहा ठाकूर यांनी लहान शिडाच्या प्रकारात रौप्य. मोठं शीड ७.०६ चौरस मीटरचं, लहान ४.७. होडी तीच, बूम म्हणजे शिडाच्या तळाचा आडवा दांडाही तोच. बदलतं ते शीड आणि डोलकाठीचा खालचा तुकडा.

सुरुवात करताना होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याकडे हवी. आडवी ठेवली तर अर्धवट बांधलेलं शीडसुद्धा वारा धरतं आणि होडी किनाऱ्यावरच कलंडते. डोलकाठीचे दोन तुकडे वाळूवर जोडायचे, शिडाच्या कडेची लांब खोळ उशीच्या अभ्र्यासारखी तिच्यावर चढवायची, तीन पट्ट्या खिशांत सरकवायच्या आणि सगळं उभं करून होडीतल्या भोकात बसवायचं. मग बूम. डोलकाठीवरच्या खिळीत त्याचं पुढचं टोक अडकतं आणि शिडाचा मागचा कोपरा मागच्या टोकाकडे ताणून बांधला जातो.

आता खरं काम दोरांचं. बूमवरचा आउटहॉल ताणला की शिडाचा तळ सपाट होतो, सैल सोडला की खोलगट. कनिंगहॅम हा दोर शिडाची पुढची कड खाली खेचतो. त्यानं कापडाचा सर्वांत खोल भाग डोलकाठीकडे सरकतो. शीड नीट पाहा. पुढच्या कडेपासून निघालेल्या आडव्या बारीक सुरकुत्या दिसल्या, तर हाच दोर आणखी ओढायचा आहे. हलक्या वाऱ्यात मात्र थोड्या सुरकुत्या राहू द्याव्यात. मेनशीटमधला ‘शीट’ म्हणजे शीड नव्हे, तर बूम आत-बाहेर करणारा दोर, हे मराठी माणसानं पहिल्याच दिवशी पक्कं करावं.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो व्हँग, बूमला डोलकाठीच्या बुडाकडे खाली खेचणारा दोर. पाण्याशी घासून खालचा वारा मंदावतो, वरचा वेगात राहतो. सायकल जोरात चालवली की बाजूचा वाराही समोरून आल्यासारखा वाटतो, होडीचंही तसंच. खालच्या मंद वाऱ्याची दिशा होडीच्या वेगामुळे जास्त बदलते, वरच्या वेगवान वाऱ्याची कमी. म्हणजे एकाच शिडाला तळाशी एक वारा लागतो आणि टोकाशी दुसरा! म्हणून शिडाला वर किंचित पीळ हवा. व्हँग सैल तर बूम उचलला जातो आणि वरचं कापड बाहेर उघडून वारा सांडतं. फार घट्ट तर पीळच उरत नाही.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यात या ७ चौरस मीटरवर दहा-बारा किलो वजनाएवढा जोर येतो. ३६ किलोमीटरला चाळीसच्या पुढे. तेव्हा आउटहॉल, कनिंगहॅम आणि व्हँग हे तिन्ही दोर कसून ओढायचे, शीड सपाट करायचं.

पाण्यात ढकलण्याआधी दोन गोष्टी हातानं चाचपाव्यात. मेनशीटच्या सुट्या टोकाला इंग्रजी आठच्या आकाराची गाठ आहे ना? नाहीतर दोर कप्पीतून निसटतो आणि बूम हाताबाहेर जातो. आणि डोलकाठी होडीला एका बारीक दोरीनं बांधलेली आहे ना? कारण ती भोकात केवळ स्वतःच्या वजनावर उभी असते. होडी पूर्ण उलटली, तर ही दोरी नसल्यास शीड, बूम आणि सगळे दोर घेऊन ती खाली सरकते.