बर्फावरची फटफटी

चिखलात पाय रुतू लागला की आपण फळी टाकतो. वजन तेवढेच राहते. ते जास्त जागेवर पसरते, एवढेच. (वर्गात दाब शिकवताना शिक्षकांना हा दाखला उपयोगी पडेल.) अमेरिकेत व कॅनडात डोंगरातल्या बर्फावर फटफटी चालवतात, तीही याच युक्तीने. रानवाटांसाठी केलेली मोटारसायकल घ्यायची, पुढचे चाक काढून तेथे रुंद घसरपट्टी लावायची आणि मागच्या चाकाच्या जागी रबरी पट्ट्याचा सांगाडा. साखळी मग हा पट्टा फिरवते.

असा जोडसंच निवडताना किंमत मागाहून विचारावी. आधी पट्ट्याची लांबी पाहावी. आयडाहोच्या टिंबरस्लेड कंपनीने (ती २०१५ साली पोलारिसने विकत घेतली) १२० आणि १३७ इंची पट्टे काढले, तर कॅमसोने १२९ इंची. १२० इंच म्हणजे पुरे दहा फूट. पण बर्फाला टेकतो तो निम्म्याहून कमी. आखूड पट्टा चटकन वळतो. ताज्या, भुसभुशीत बर्फात मात्र लांबच हवा, नाही तर गाडी रुतलीच म्हणून समजा. पण लांब पट्टा जड. त्याला लहान इंजिन लावणे म्हणजे गोऱ्ह्याला मोटेला जुंपणे! म्हणून बहुधा ४५० सीसीचे इंजिन घेतात.

शिवाय गारठ्यात इंजिन पुरते तापत नाही, त्यासाठी थर्मोस्टॅट बसवावा लागतो. हवेच्या वाटेत बर्फ शिरले तर गाडी बंद पडते, आणि खोल बर्फातून पायी परतणे फार कठीण. उतारावर हिमकडा कोसळण्याची भीती असतेच. तेव्हा खर्चाच्या हिशेबात फावडे, शोधकाठी आणि गाडलेल्याचा ठाव देणारे रेडिओयंत्रही धरावे, आणि सोबती असल्यावाचून निघू नये.