घटक 5 : शाश्वत विकास आणि शहरवासीयांची अभिवृत्ती (संदर्भ : अमरावती व अकोला)

5.0 उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• ‘अभिवृत्ती’ या संज्ञेची तीन अंगे सांगता येतील;
• नागरिकांचे मत आणि त्यांचे आचरण यांत अंतर का पडते, हे उदाहरणांनी स्पष्ट करता येईल;
• लोकांची अभिवृत्ती जाणून घेताना प्रश्नाच्या भाषेचे महत्त्व विशद करता येईल.

5.1 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ‘शाश्वत विकास’ हा शब्दप्रयोग तुम्ही वृत्तपत्रांतून अनेकदा वाचला असेल. भावी पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवणे, असा त्याचा आशय ब्रुंटलँड आयोगाने 1987 मध्ये मांडला. पुढे 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 2030 पर्यंत गाठावयाची 17 उद्दिष्टे स्वीकारली. त्यांपैकी अकरावे उद्दिष्ट शहरांविषयी आहे. ही उद्दिष्टे शासनाने स्वीकारली, तरी ती पार पडतात नागरिकांच्या दैनंदिन वागण्यातून. म्हणून शहरातील माणसे या कल्पनेकडे कशी पाहतात, हे समजून घेणे आवश्यक ठरते. या घटकात आपण वऱ्हाडातील दोन शहरांच्या आधारे, मुख्यतः पाण्याच्या संदर्भात, याचा विचार करू.

5.2 अभिवृत्तीची तीन अंगे

एखाद्या गोष्टीकडे पाहण्याचा मनाचा स्थिर कल म्हणजे अभिवृत्ती. तिची तीन अंगे मानली जातात. पाणी मर्यादित आहे हे ठाऊक असणे, हे ज्ञानात्मक अंग. पाणी वाया जाताना पाहून हळहळ वाटणे, हे भावात्मक अंग. उघडा नळ स्वतः बंद करणे, हे क्रियात्मक अंग. ही तिन्ही अंगे एकाच दिशेने जातील असे नाही. ‘पाणी जपून वापरावे काय?’ या प्रश्नाला नकार देणारा माणूस क्वचितच भेटेल. तेवढ्या होकारावरून आपण अभिवृत्ती ओळखली असे समजणे मात्र घाईचे होईल.

5.3 दोन शहरे आणि पाणी

2011 च्या जनगणनेनुसार अमरावती शहराची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख, तर अकोल्याची सुमारे सव्वाचार लाख होती. अमरावतीला मोर्शी तालुक्यातील सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणातून पाणी मिळते, तर अकोल्याची भिस्त महान येथील काटेपूर्णा धरणावर आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील भूजल खारे असल्याने केवळ विहीर खोदून गरज भागत नाही. त्यातच मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि घरोघरच्या कूलरला रोज पाणी लागते.

अशा स्थितीत नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येऊ लागले, की काय घडते ते पाहा. नळावर थेट टिल्लू पंप लावला जातो. पंप लावणे चुकीचे आहे, हे लावणाऱ्याला माहीत असते. परंतु शेजारच्याने लावला आणि आपण लावला नाही, तर आपली टाकी रिकामी राहील, हेही त्याला माहीत असते. पुन्हा पाणी कधी येईल याचा भरवसा नसल्याने घरातील प्रत्येक भांडे भरून ठेवले जाते आणि ताजे पाणी आले की ‘शिळे’ पाणी ओतून दिले जाते. हे कुटुंब पाण्याविषयी बेफिकीर आहे काय? तसे म्हणता येणार नाही. उलट, पाण्याच्या चिंतेतूनच ही उधळपट्टी जन्माला येते. मत आणि आचरण यांच्यातील अंतराचे एक मोठे कारण येथे दिसते. व्यवस्थेवर आणि शेजाऱ्यावर विश्वास नसेल, तर सद्भावना कृतीत उतरत नाही.

5.4 मोर्णेचे उदाहरण

अकोल्यात जुने शहर व नवे शहर यांच्यामधून मोर्णा नदी वाहते. सांडपाणी, कचरा व जलकुंभी यांनी ती भरून गेली होती. जानेवारी 2018 मध्ये तिच्या स्वच्छतेची मोहीम सुरू झाली. सुमारे चार किलोमीटरच्या पात्रात हजारो नागरिक, विद्यार्थी व स्वयंसेवी संस्था उतरल्या. दर शनिवारी सकाळी काम करण्याचा संकल्प झाला. त्याच महिन्यात पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये या मोहिमेचा उल्लेख झाला.

‘शहरी माणसाला नदीचे काही पडलेले नाही’ हे विधान या घटनेने खोटे ठरवले. मात्र तिची दुसरी बाजूही लक्षात घ्या. अनुकूल स्थितीत जलकुंभीचा पसारा सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो आणि सांडपाण्यातील द्रव्यांवर ती पोसली जाते. ती उपसणे श्रमदानाने शक्य आहे. पण नदीत येणारे सांडपाणी अडवून शुद्ध करणे, हे मलवाहिन्या, प्रक्रिया केंद्र आणि त्यांवरील नियमित खर्चाचे काम आहे. म्हणून ‘नदी स्वच्छ करायला याल का?’ आणि ‘त्यासाठी वाढीव कर द्याल का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यातून उत्साह मोजला जातो, तर दुसऱ्यातून बांधिलकी व विश्वास.

5.5 प्रश्नाची भाषा

मराठीचे अभ्यासक म्हणून येथे तुमची विशेष जबाबदारी आहे. ‘शाश्वत’ हा शब्द वऱ्हाडी माणसाने कीर्तनात ऐकलेला असतो. देह अशाश्वत, तत्त्व शाश्वत, असा त्याचा अर्थ त्याच्या मनात रुजलेला असतो. ‘शाश्वत विकासाबाबत आपले मत काय?’ असे विचारल्यास तो गोंधळेल किंवा सरकारी छापाचे उत्तर देईल. मग आपण ‘जनजागृतीचा अभाव’ असा निष्कर्ष काढून मोकळे होऊ. वास्तविक हीच कल्पना घराघरांत दुसऱ्या शब्दांत नांदत असते. ‘पुरवून वापरणे’ हा तिचा अस्सल मराठी अवतार होय. धान्य, सरपण, पाणी पुरवून वापरणाऱ्या गृहिणीला भविष्याचा विचार शिकवावा लागत नाही. तिच्या ज्ञानाची नोंद होत नसेल, तर दोष प्रश्नावलीचा आहे.

याबाबतीत अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी 1876 मध्ये जन्मलेल्या संत गाडगेबाबांची रीत मार्गदर्शक आहे. ते गावात आले की आधी हाती खराटा घेत आणि रात्री कीर्तन करीत. कीर्तनात ते लोकांच्याच बोलीत साधे प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच काढून घेत.

5.6 सारांश

अभिवृत्ती ही केवळ मतांची बेरीज नव्हे. ज्ञान, भावना व कृती यांचा मेळ बसण्यासाठी विश्वासार्ह व्यवस्था लागते. नागरिकांना उदासीन ठरवण्यापूर्वी त्यांना तसे वागायला लावणारी परिस्थिती तपासली पाहिजे आणि प्रश्न त्यांच्या भाषेत विचारले पाहिजेत.

5.7 स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. अभिवृत्तीची तीन अंगे सोदाहरण लिहा.
2. ‘पाण्याच्या चिंतेतूनच उधळपट्टी जन्माला येते’, या विधानाची चर्चा करा.

5.8 क्षेत्रीय कार्य

तुमच्या गल्लीतील पाच घरांना भेट द्या. ‘शाश्वत’, ‘विकास’ व ‘पर्यावरण’ हे शब्द न वापरता पाण्याविषयी चार प्रश्न विचारा. ‘नळ येतो त्या दिवशी तुम्ही काय काय करता?’ हा त्यांपैकी एक असावा. उत्तरे बोलणाऱ्याच्या बोलीत जशीच्या तशी लिहून घ्या. शेवटी तोच प्रश्न स्वतःला विचारा आणि आपले उत्तरही त्याच कागदावर नोंदवा.