परसातील डाळिंब, बोर आणि छाटणीची वेळ

सोलापूरकरांना डाळिंबाचे अप्रूप सांगायला नको. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये येथेच स्थापन झाले आणि २०१६ मध्ये 'सोलापूर डाळिंबा'ला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही शहरातील अनेक परसांत डाळिंबाचे झाड नुसतेच वाढते, फळ मात्र धरत नाही. याचे कारण बहुधा छाटणीत दडलेले असते.

डाळिंबाला बुंध्यापासून सतत फुटवे येतात. त्यांतील जोमदार अशी तीन-चार खोडे राखून बाकीचे फुटवे वेळोवेळी काढावेत. एकच खोड ठेवले आणि ते खोडकिडीने पोखरले, तर सारे झाडच हातचे जाते. सरळ वर धावणारे पाणसोटही मुळापासून काढावेत. त्यांना फळे येत नाहीत, अन्न मात्र ते ओढून घेतात. फुले पक्व काड्यांवरील आखूड फांद्यांच्या टोकांशी येतात. म्हणून कुंपणाच्या मेंदीसारखे सगळे शेंडे कापू नयेत. मुख्य छाटणी फळे उतरवल्यानंतर करावी.

बोराची गोष्ट अगदी उलटी आहे. ऐन उन्हाळ्यात बोराची पाने गळतात आणि झाड विश्रांती घेते. एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत गेल्या वर्षीच्या फांद्या चांगल्या आखूड कराव्यात. पावसाबरोबर येणाऱ्या नव्या फुटीवरच फुले लागतात. कलमाच्या सांध्याखालून येणारी फूट रानबोराची असते. ती राहिली तर कालांतराने मूळ उमराण मागे पडते आणि हाती आंबट बोरे येतात. कागदी लिंबाची वाळलेली, रोगट फांदी काढली की पुरे.

आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, हे कात्री चालवताना विसरू नये. झाड मध्यभागी फार उघडे केले, तर साल भाजते आणि डाळिंबाच्या फळांवर काळे चट्टे पडतात. ऊन आत यावे, पण खोडावर सावली राहावी, इतपतच विरळणी करावी.

सर्वांत मोठा धोका तेल्याचा. हा जिवाणूजन्य रोग पावसाच्या शिंतोड्यांबरोबर आणि कात्रीमार्फतही पसरतो. त्यामुळे पावसात छाटणी टाळावी. प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या २.५ टक्के द्रावणात बुडवावी. काम संपल्यावर धुऊन, पुसून ठेवावी. मोठ्या कापांवर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना निरनिराळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात कालवून मग एकत्र करावा. लोखंडी भांडे वापरू नये.

रोगट फांद्या कोपऱ्यात साठवू नयेत, त्या जाळाव्यात. घरच्या एका झाडाकडे झालेले दुर्लक्ष शेजारच्या बागाईतदाराला महाग पडू शकते.