पिल्लू घरात आले, आता पुढे?

दिवाळीच्या आसपास वस्तीत पिल्ले दिसू लागतात. कुठे जिन्याखाली, कुठे बंद पडलेल्या रिक्षाखाली. मग एखादे पोर त्यातले एक उचलून घरी आणते. आई म्हणते, "आजच्या दिवस राहू दे, उद्या सोडून ये." तो उद्या काही उगवत नाही. आपल्याकडे कुत्रा घरात येतो तो बहुधा असाच, आणि विकत आणण्यापेक्षा हे शंभर पटीने बरे. गावठी कुत्रा इथल्या उन्हापावसाचा असतो. थंड प्रदेशातला केसाळ कुत्रा हजारो रुपये मोजून आणायचा आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवायचा, हा त्याचा छळ आहे.

पण पिल्लू किती दिवसांचे आहे, हे आणण्याआधी विचारा. आठ आठवड्यांच्या आत ते आईपासून तोडू नये. आईजवळ आणि भावंडांत खेळतानाच ते शिकते की किती जोरात चावले की समोरच्याला दुखते. लवकर उचललेले पिल्लू हे शिकायचे राहते आणि मग तो धडा तुमच्या पोरांच्या बोटांवर गिरवला जातो.

परिचारिका म्हणून मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथे. कुत्र्याला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचा झाल्यावर देतात. आपण पिल्लू आणतो दीड-दोन महिन्यांचे. म्हणजे ज्या दिवसांत मुले त्याला सर्वांत जास्त कवटाळतात, मांडीवर घेऊन झोपतात, नेमक्या त्याच दिवसांत त्याला रेबीजपासून कसलेच संरक्षण नसते. त्याच्या आईला पिसाळलेला कुत्रा चावला होता का, त्यालाच कोणी चावले का, हे आपल्याला माहीत नसते. "एवढेसे पिल्लू, त्याला काय होणार?" असे बायाबापड्या म्हणतात. पिल्लालाही रेबीज होतो. लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासून त्याच्या लाळेत विषाणू असतो. आणि माणसाला एकदा लक्षणे दिसू लागली की हा रोग बरा होत नाही.

आमच्या भागातल्या नऊ वर्षांच्या एका मुलीची गोष्ट सांगते. पिल्लाचा दात तिच्या मनगटाला लागला, रक्त आले. तिने पाच दिवस फ्रॉकची बाही ओढून घेतली आणि कोणालाच सांगितले नाही. का? तर बाबांनी पहिल्याच दिवशी दम दिला होता, "चावले तर त्याच दिवशी नाल्यापलीकडे सोडून येईन." सहाव्या दिवशी पिल्लाचा जबडा लोंबू लागला, ते पाणीही पिईना, आणि मेले. तेव्हा पोरगी रडत बोलली. आईने तिला तसेच दवाखान्यात नेले. जखमेभोवती सिरम दिले, लसीचा कोर्स पूर्ण झाला. आज ती शाळेत जाते. उशीर झाला म्हणून "आता काय उपयोग" असे म्हणून घरी बसायचे नसते, कितीही दिवस गेले तरी लस घ्यायची.

म्हणून भगिनींनो, कुत्रा घरात आणलात की मुलांना पहिले वाक्य हे सांगा: चावले, ओरखडले, जखमेवर चाटले तर मला लगेच सांग; मी तुला रागावणार नाही आणि त्याला हाकलणारही नाही. धमकी दिलेल्या घरातली पोरे जखम लपवतात.

जखम झाली तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, पंधरा मिनिटे वाटतात त्यापेक्षा बरीच जास्त असतात. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका, वर घट्ट पट्टी बांधू नका. मग सरकारी दवाखाना. पोटातली चौदा इंजेक्शने केव्हाच बंद झाली, त्या भीतीने अजूनही लोक घरी थांबतात. आता सरकारी दवाखान्यांत बहुधा दंडाच्या कातडीत लस देतात: ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी. जखमेतून रक्त आले असेल तर सिरमही लागते, ते आपण होऊन विचारा. लसीचा कागद रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा. पूर्ण कोर्स झालेल्या माणसाला पुन्हा कुत्रा चावला तर फक्त ० आणि ३ या दोन दिवशी लस पुरते आणि सिरम लागत नाही.

आता पिल्लाकडे वळू. आणल्याच्या आठवड्यातच त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल माहीत आहेच, तालुक्याच्या गावी सरकारी जनावरांचा दवाखाना असतो. तिथे जंताचे औषध आणि इतर लसींच्या तारखा लिहून घ्या. कुत्र्याचे जंत मुलांच्या पोटात जाऊ शकतात, त्यामुळे त्याची शी उचलणे आणि हात धुणे हे घरातल्या मोठ्या माणसाचे काम, पोरांचे नाही.

ते नव्या घरी आले की दोन-तीन दिवस घाबरलेले असते. खात नाही, रात्री रडते. त्या दिवसांत आळीतल्या पंचवीस पोरांना बघायला बोलावू नका. खोली लहान असली तरी खाटेखाली एक गोणपाट त्याच्या हक्काचे टाका आणि तिथे गेले की कोणीही त्याला ओढून काढायचे नाही, हा नियम करा. खाताना आणि झोपेत त्याला हात लावायचा नाही, हा दुसरा. घराची रीत कळायला साधारण तीन आठवडे लागतात आणि पुरते रुळायला तीनेक महिने. झोपून उठले, खाल्ले, खेळून झाले की लगेच बाहेर न्या. बाहेर केले की शाबासकी द्या. घरात केले म्हणून त्याचे नाक त्यात घासणे हा अडाणीपणा आहे, त्यातून ते फक्त तुम्हाला घाबरायला शिकते.

गुरगुरले म्हणून मारू नका. गुरगुरणे म्हणजे ते सांगते आहे, "आता पुरे." ते सांगणे मारून बंद केले की ते थेट चावते. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्राही असाच चिडका होतो.

खाण्याचे लाड नकोत. भात-भाकरीबरोबर उकडलेले अंडे, बिनकांद्याचे मटण-कोंबडीचे पाणी, थोडे मांस चालते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट त्याला विषासारखे. शिजवलेली हाडे टोकदार फुटतात आणि आतड्यात रुततात, ताटातले उरलेले टाकताना हे लक्षात ठेवा. दुधाने पुष्कळ पिल्लांना जुलाब होतात.

१४ एप्रिलची मिरवणूक असो की दिवाळी, डीजे आणि फटाक्यांच्या रात्री त्याला आत, माणसाजवळ ठेवा. बिथरून पळालेला कुत्रा अनेकदा परत सापडत नाही.

सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदी करून घ्या, नर असो की मादी. नाहीतर पुढच्या दिवाळीला जिन्याखाली पुन्हा सहा पिल्ले. पिल्लाचा एवढा व्याप झेपणार नसेल तर आळीतलाच नसबंदी झालेला मोठा कुत्रा घरात घ्यावा, असा माझा आग्रह असतो. अशा कुत्र्याच्या कानाला छोटा छेद दिलेला असतो. त्याचा स्वभाव सगळ्या आळीला आधीच ठाऊक असतो आणि त्याला लगेच लस देता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशानुसार भटका कुत्रा दत्तक घेण्यासाठी पालिकेकडे अर्ज करता येतो. मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी मग घेणाऱ्याची. त्यामुळे सुट्टीत गावी जाताना त्याला कोणाकडे ठेवणार, हे अर्ज करण्याआधीच शेजारच्या काकूंशी बोलून ठेवा.