खांदेरीच्या बेटावर मुक्काम

शिंदखेड्याच्या माणसाला पाणी ठाऊक असते ते तापीचे, एकाच दिशेने मावळतीकडे जाणारे. म्हणून थळच्या किनाऱ्यावर होडीची वाट पाहत बसले असता, सुमारे सहा तास चढून तितकाच वेळ ओसरणारे आणि दररोज सुमारे ५० मिनिटे उशिराने येणारे भरतीचे पाणी त्याला प्रथमदर्शनी अनाकलनीय वाटते. बेटावर जाण्यायेण्याचा सारा बंदोबस्त या पाण्याच्याच स्वाधीन. पावसाळ्यात तर तिकडे फिरकूच नये.

खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९ साली, इंग्रज व सिद्दी यांच्या विरोधास न जुमानता, तटबंदी उभारली. १८६७ साली तेथे दीपगृह झाले. मला मात्र मोह पडला तो तेथील एका पाषाणाचा: लहान दगडाने आघात करताच त्यातून तांब्याच्या घागरीसारखा नाद उमटतो, आणि हात ठेवला की तो नाद तळव्यात थरथरतो. कोळी बांधवांचा वेताळ येथे शिळारूपाने पूजिला जातो. तेथे पादत्राणे काढूनच जावे.

परवाना आगाऊ हाती असल्यावाचून तंबू ठोकू नये. पिण्याचे पाणी, भाकरी, ठेचा किनाऱ्यावरूनच बरोबर घ्यावे, आणि केरकचरा त्याच होडीने परत आणावा.