उत्खननाचे मोल आणि उल्लेखांची मोजदाद

विद्वत्ता आकड्यांत मोजता येते काय, हा वाद जुना असला तरी आता तो केवळ तात्त्विक राहिलेला नाही. अध्यापकाची नेमणूक, बढती, संशोधनासाठी मिळणारे अनुदान या सर्वांच्या मुळाशी 'निबंध किती छापले आणि इतरांनी त्यांचा उल्लेख किती वेळा केला' ही पृच्छा येऊन बसली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत अध्यापकांच्या कामाला गुण देण्याची पद्धत आणली आणि ही मोजदाद महाविद्यालयाच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचली. पुरातत्त्वासारख्या शास्त्राला हे माप कितपत लागू पडते, याचा विचार मात्र फारसा झालेला नाही.

या मापाचा उगम तसा निरुपद्रवी होता. युजीन गारफिल्ड या अमेरिकन ग्रंथालयतज्ज्ञाने १९५५ साली उल्लेखांची सूची करण्याची कल्पना मांडली. वकिलांसाठी जुन्या निवाड्यांचे पुढील उल्लेख नोंदविणारी सूची अमेरिकेत आधीपासूनच होती; तोच प्रकार विज्ञानात आणावा आणि संशोधकाला आपल्या विषयाचे लेखन चटकन सापडावे, एवढाच मूळ हेतू. साधन शोधण्याचे होते, तोलण्याचे नव्हे. पुढे २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकीच्या प्राध्यापकाने 'एच-निर्देशांक' सुचविला. ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा उल्लेख झाला, त्याचा निर्देशांक वीस. हिशेब सोपा असल्याने तो कचेऱ्यांना आवडला, यात नवल नाही.

या हिशेबाने डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांचे कार्य तोलून पाहावे. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झालेल्या या विद्वानाने महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांच्या मागे हजारो वर्षे नेऊन पोहोचविला. नाशिक आणि संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथील १९५०-५१ च्या उत्खननाचा वृत्तांत १९५५ मध्ये, नेवाशाचा १९६० मध्ये आणि नर्मदाकाठच्या नावडाटोलीचा १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. हे निबंध नव्हेत. नकाशे, थरांच्या आकृत्या, खापरांची वर्णने यांनी भरलेले जाडजूड ग्रंथ होत. एच-निर्देशांकाचे गणित मात्र असे आहे की, एखाद्याने दोनच ग्रंथ लिहिले आणि प्रत्येकाचा पाचशे वेळा उल्लेख झाला, तरी त्याचा निर्देशांक दोनच्या वर चढत नाही!

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. जोर्वे येथील लाल रंगाची, काळ्या नक्षीची, तोटी असलेली भांडी ओळखली गेली आणि त्या गावाचे नाव एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला मिळाले. आज दख्खनच्या प्राचीन वसाहतींविषयी लिहिणारा प्रत्येक अभ्यासक 'जोर्वे संस्कृती' हा शब्द सहज वापरतो. पण मूळ वृत्तांताचा निर्देश करण्याची त्याला गरज भासतेच असे नाही. जे ज्ञान सर्वांचे झाले, त्याचा उल्लेख थांबतो. थोडक्यात, यश पूर्ण झाले की मोजणारा आकडा गप्प बसतो.

तिसरी गोष्ट काळाची. शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या इनामगावचे उत्खनन १९६८ मध्ये सुरू होऊन १९८३ पर्यंत चालले आणि त्याचा बृहद् वृत्तांत १९८८ मध्ये निघाला. शंभराहून अधिक घरांचे अवशेष, पुरलेले सांगाडे, जनावरांची हाडे, धान्याचे जळके दाणे या साऱ्याचा अभ्यास अनेकांनी मिळून केला, म्हणून तीन हजार वर्षांपूर्वीचे एक गाव डोळ्यांपुढे उभे राहिले. दरवर्षी गुणांचा तक्ता भरावा लागणारा तरुण अध्यापक असे वीस वर्षांचे काम अंगावर घेईल काय? तो एकाच खड्ड्यातील सामग्रीचे पाच तुकडे करून पाच निबंध छापील, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा?

याचा अर्थ मोजमाप मुळीच नको, असा नव्हे. आकडे येण्यापूर्वीच्या काळात वशिला आणि ज्येष्ठता यांचेच राज्य होते, आणि दूरच्या गावातील निष्ठावंत अभ्यासकाची दाद घेणारे कोणी नसे. शिवाय पुरातत्त्वज्ञांच्या पदरीही एक मोठा दोष आहे. खणलेल्या स्थळांचे वृत्तांत वर्षानुवर्षे अप्रकाशित राहतात. उत्खनन ही नाश करीत जाणारी क्रिया आहे. एकदा उकरलेला थर पुन्हा रचता येत नाही. म्हणून ज्याने खणले पण लिहिले नाही, त्याने पुरावा वाचवला नाही, गमावला.

तेव्हा मापच हवे असेल तर ते या शास्त्राच्या धर्माला धरून असावे. खणलेल्या स्थळाचा वृत्तांत निघाला काय, त्यातील नोंदी दुसऱ्याला पडताळता येतात काय, खापरे व हाडे नीट जतन झाली आहेत काय, मराठी वाचकापर्यंत त्यातले काही पोहोचले काय, हे प्रश्न निवड समित्यांनी विचारावेत. त्यासाठी समितीच्या सदस्यांना उमेदवाराचे लेखन वाचावे लागेल. आकड्यांनी वाचण्याचे श्रम वाचविले, हीच त्यांची खरी लोकप्रियता आहे. आणि ते श्रम पुन्हा पत्करल्यावाचून इनामगावसारखे दुसरे काम या भूमीत उभे राहण्याची आशा धरणे व्यर्थ होय.