तान्ह्या मुलाचें अंथरूण

आजच्या भाषणाचा विषय ऐकून पुष्कळांना असें वाटेल कीं, हा विषय एखाद्या डॉक्टरीणबाईंनीं घ्यावयाचा. एका निवृत्त शाळामास्तराचें त्यांत काय काम? शंका रास्त आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. वैद्यकाचा मला अधिकार नाहीं. परंतु गेल्या वर्षीं आमच्या घरांत एक प्रसंग घडला व त्यामुळें या विषयाची चौकशी करणें मला भाग पडलें. जें समजलें तें इतरांच्या उपयोगीं पडावें, एवढ्याच हेतूनें मी आज आपणांपुढें बोलत आहें.

आमची धाकटी मुलगी बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. मुलगा झाला. बारशाला आप्तेष्टांनीं केलेल्या आहेरानें अर्धी खोली भरून गेली. हात ठेवला कीं आंत रुतावा अशी मऊ गादी, पाळण्याच्या चारी बाजूंना बांधावयाचे लोड, रजई, लोंकरीचीं अस्वलें; शिवाय आमच्या कुटुंबानें स्वतः शिवलेली राईची उशी. एका स्नेह्यांनीं तर विजेवर झुलणारी, पाठीला उतार असलेली एक खुर्ची पाठविली. तींत मूल ठेवलें कीं दहा मिनिटांत झोंपीं जाई. सारें घर त्या खुर्चीवर खूष होतें.

एके दुपारीं मूल त्या खुर्चींत निजलें होतें व मी शेजारीं वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. थोड्या वेळानें त्याच्या श्वासाची बारीक घरघर ऐकूं आली, आणि मग तीहि थांबली. पाहतों तों हनुवटी छातीला टेकलेली व ओंठांचा रंग काळसर झालेला! मीं त्याला उचललें, मान सरळ झाली, आणि तें मोठ्यानें रडूं लागलें. मुलाचें रडणें इतकें गोड मला पूर्वीं कधीं लागलें नव्हतें. तसेंच डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं तपासून मूल सुखरूप असल्याचें सांगितलें, पण जातांना ते म्हणाले, "मास्तर, ही खुर्ची झोंपण्याची नव्हे. आज तुम्ही शेजारीं जागे होतां म्हणून निभावलें."

हें असें कां व्हावें? तान्ह्या मुलाचें डोकें शरीराच्या मानानें फार मोठें असतें. मानेचे स्नायू दुर्बळ असतात आणि श्वासनलिका अरुंद व मऊ असते. उतारावर ठेवलें कीं डोकें आपल्याच भारानें पुढें कलतें, आणि मुडपलेल्या नळींतून पाणी जाऊं नये तशी हवा जात नाहीं. मोठा माणूस झोंपेंतहि मान सरळ करून घेतो. तान्ह्याला तें साधत नाहीं. दुसरें कारण मऊपणाचें. मऊ गादींत किंवा उशींत तोंड रुतलें म्हणजे सोडलेला श्वास तेथेंच कोंडतो व मूल तीच वापरलेली हवा पुनः पुनः आंत घेतें. हीं दोन कारणें नीट ध्यानांत धरलीं, तर दुकानांतील कोणती वस्तु घ्यावी व कोणती सोडावी हें बहुतेक आपलें आपल्यालाच ठरवितां येतें.

या बाबतींत जगानें मोठी किंमत देऊन एक धडा घेतला आहे. पाश्चात्य देशांत कित्येक वर्षें मुलांना पालथें निजविण्याची चाल होती. रात्रीं निरोगी निजविलेलें मूल सकाळीं मृत आढळे आणि कारण सांपडत नसे. पुढें पालथ्या झोंपेशीं या मृत्यूंचा संबंध असल्याचें अभ्यासाअंतीं दिसून आलें. १९९१ सालीं इंग्लंडांत मुलांना उताणें निजविण्याविषयीं मोठी मोहीम निघाली. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें, म्हणजे अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सनें, १९९२ सालीं मूल पालथें निजवूं नये असा सल्ला दिला, आणि १९९४ सालीं तेथेंहि मोहीम सुरू झाली. पुढील कांहीं वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. त्यासाठीं औषध लागलें नाहीं कीं यंत्र लागलें नाहीं. मूल कुशीवरून किंवा पोटावरून पाठीवर आलें, एवढेंच!

उताणें निजल्यास दूध उलटून घशांत अडकेल, अशी भीति आपल्याकडे फार आहे. पण शरीराची रचना पाहा. उताण्या मुलाची श्वासनलिका वर असते व अन्ननलिका खालीं. उलटलेलें दूध वर चढून श्वासनलिकेंत जाण्यापेक्षां खालीं राहणेंच सोपें. पालथ्या मुलांत हा क्रम उलटा होतो.

आतां बाजाराकडे वळूं. वस्तु विकावयास ठेवली आहे, म्हणजे ती कोणीतरी तपासलीच असेल, असा आपला भाबडा समज असतो. अमेरिकेंत फिशर-प्राइस या नामांकित कंपनीनें २००९ सालीं उताराचा एक झुलता बिछाना विक्रीस आणला. तीसांहून अधिक मुलांचे मृत्यू त्यांत घडल्याचें उघडकीस आल्यावर, एप्रिल २०१९ मध्यें असे सुमारें ४७ लाख बिछाने परत मागविण्यांत आले. पुढें २०२२ सालीं तेथें कायदाच झाला: दहा अंशांहून अधिक उताराचे बिछाने आणि पाळण्याला बांधावयाचे भरीव लोड, या दोहोंच्या उत्पादनास व विक्रीस बंदी. आमच्या घरीं आलेल्या आहेरांत या दोन्ही वस्तु होत्या!

मग घ्यावें तरी काय? पाळणा किंवा लहान खाट घ्यावी. तिचा तळ सपाट असावा. गादी घट्ट व पातळ असावी. हात दाबून उचलल्यावर खळगा राहतां कामा नये. गादी व कठडा यांमध्यें दोन बोटें शिरतील इतकी फट नसावी. कठड्याच्या दांड्यांतील अंतर सहा सेंटिमीटरांहून जास्त नको; त्यांतून अंग निसटून डोकें अडकतें. ज्या खाटेची एक बाजू खालीं सरकते तशी खाट वापरूं नये; अमेरिकेंत २०११ पासून तिच्या विक्रीस मनाई आहे. नातेवाइकांकडून आलेला जुना पाळणा असेल, तर कड्या, सांखळ्या व खिळे स्वतः हलवून पाहावे. गादीवर ताणून बसविलेली एक चादर पुरे. उशी, रजई, लोड, खेळणीं यांतील कांहींहि मुलाजवळ ठेवूं नये. आंत वजन भरलेलीं दुपटीं व पिशव्याहि नकोत. श्वास मोजणारीं महागडीं यंत्रें हल्लीं मिळतात. त्यांनीं हे मृत्यू टळतात असें सिद्ध झालेलें नाहीं. मोटारींतील मुलाच्या आसनावर मूल झोंपलें, तर मुक्कामीं पोंचतांच त्याला सपाट जागीं हलवावें.

हें सर्व खर्चाचें काम आहे, असें मात्र समजूं नये. फिनलंड देशांत १९३८ सालापासून गरीब मातांना, व १९४९ पासून सर्व मातांना, सरकार बाळंतविडा देत आलें आहे. तो ज्या पुठ्ठ्याच्या पेटींतून येतो, तिच्या तळाशीं लहानशी गादी असते व ती पेटीच मुलाचा पहिला बिछाना होते.

मुलाची निजण्याची जागा वेगळी, पण आईच्याच खोलींत, तिच्या हाताच्या अंतरावर असावी. निदान पहिले सहा महिने तरी. रात्रीं पाजतांना आईचा डोळा लागण्याचा संभव असेल, तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चींत बसूं नये. तेथें मूल अंग व उशी यांच्या फटींत दबतें. त्यापेक्षां उशा-पांघरुणें दूर सारलेला बिछाना बरा, आणि जाग येतांच मूल त्याच्या जागीं ठेवावें. खोलींत विडी-सिगारेट ओढूं नये. खोली कोंदट करून शेगडी ठेवूं नये. घरांत कुंची-टोपडें घालून मूल निजवूं नये, कारण अति उष्णताहि घातक असते. गळ्यांतील काळा दोरा झोंपेच्या वेळीं काढावा. दुपट्यांत गुंडाळावयाचें तर कमरेखालीं सैल, आणि मूल कुशीवर वळूं पाहतांच तें गुंडाळणेंहि बंद करावें. मच्छरदाणी अवश्य लावावी. मात्र ती ताणलेली असावी, तोंडावर लोंबणारी नसावी.

हें सर्व मीं घरांत सांगितलें तेव्हां आमचें कुटुंब रागावलें. "माझीं तीन मुलें झोळींत वाढलीं, राईच्या उशीवर निजलीं, कोणाला काय झालें?" या प्रश्नाला उत्तर देणें सोपें नाहीं, कारण तो अनुभवाचा प्रश्न आहे. मीं एवढेंच म्हटलें कीं, जीं वाढलीं तींच आज बोलत आहेत. १९७१ सालीं आपल्या देशांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं १२९ मुलें वर्षाच्या आंत जात. २०२० सालीं हा आंकडा २८ वर आला. ते बहुतेक मृत्यू रोगराईचे होते, अंथरुणाचे नव्हत. परंतु त्या गर्दींत एखादें मूल कशानें गेलें याची चौकशी कोण करीत होतें?

ती कांहीं वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "झोळीची दोरी मात्र कोणाच्या तरी हातांत असे." श्रोतेहो, मला वाटतें, या वाक्यांत मोठें तथ्य आहे. जुन्या घरांत मूल क्वचितच एकटें निजे. आजी, आत्या, शेजारीण, कोणी ना कोणी झोंका देत बसलेली असे. आज घरांत दोनच माणसें, दोघेंहि दमलेलीं, आणि झोंका देण्याचें काम विजेकडे! विजेला डोळे नाहींत. झोळींतहि मान मुडपण्याचा धोका आहेच. पण जागरूक माणसाची जागा कोणतीहि वस्तु घेऊं शकत नाहीं, हें तिचें म्हणणें मीं मान्य केलें. तिनें माझें मान्य केलें.

या काळजीनें धोका अगदींच नाहींसा होतो असें नव्हे. तो पुष्कळ कमी होतो. अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी मुलाविषयीं आपल्या डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा. इतरांनीं तीन गोष्टी पाठ कराव्या: मूल उताणें, अंथरूण सपाट व घट्ट, आणि अंथरुणावर मुलावांचून दुसरें कांहीं नाहीं.

ती खुर्ची मीं मोडून टाकली. दुसऱ्या कोणाला दिली नाहीं. उशींतील राई फोडणीच्या डब्यांत गेली. नातू आतां रांगतो, आणि माझें वर्तमानपत्र फाडतो.